वजन माहेरचं, हार्ट सासरचं

पत्र :
"डॉक्टर, नमस्कार. आम्ही सांगलीला राहतो. मुलगी पुढच्या महिन्यात दहा वर्षांची होईल. उंची १४२ सेंटिमीटर, वजन ४७ किलो. जन्मली तेव्हा जेमतेम अडीच किलोची होती. चौथ्या वर्षापासून अंगाने भरायला लागली ती थांबलीच नाही. थायरॉइड तपासलं, नॉर्मल आहे. शाळेत मुलं चिडवतात. मी स्वतः लहानपणापासून जाड, माझ्या आईला मधुमेह. सासूबाई म्हणतात, 'माहेरचं वळण आहे, त्याला कोण काय करणार?' मिस्टर म्हणतात, 'तोंडावर ताबा नाही, बाकी काही नाही,' आणि तिच्या ताटातली पोळी काढून घेतात. मोठा मुलगा तेरा वर्षांचा, नुसता काडी. काहीही खाल्लं तरी अंगाला लागत नाही, त्याची काळजी नाही. सासरे ४६व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले, तेही सडपातळच होते म्हणे. मिस्टर ४२ वर्षांचे आहेत. ऑफिसच्या चेकअपमध्ये त्यांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं होतं, पण त्रास काही नाही. आता कुणीतरी सुचवलंय की लाळेचा नमुना पाठवून मुलीची जनुकीय चाचणी करा, म्हणजे काय ते एकदाचं कळेल. खर्च बराच आहे. करावी का? हे माझ्याकडूनच तिला गेलंय का? वाढदिवसासाठी एक माप लहान फ्रॉक आणून ठेवलाय, वजन कमी केलंस की घालायचा असं तिला सांगितलंय. आणि यंदा केक आणायचा की नाही यावरून घरात रोज वाद आहे."

उत्तर :

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा तुमच्या लेकीसाठी आणि एकदा मुलासाठी. 'त्याची काळजी नाही' असं लिहून तुम्ही त्याला एका ओळीत मोकळं केलंत, आणि मला मात्र त्या काडीचीच जास्त काळजी वाटली. त्याच्याकडे येतेच. आधी लेकीचं.

तुमच्याकडून गेलंय का? काही अंशी हो. पण तुम्ही ज्या अर्थाने विचारताय त्या अर्थाने नाही. ब्रिटनमध्ये ८ ते ११ वर्षांच्या हजारो जुळ्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. मुलामुलांच्या बीएमआयमध्ये, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्यामध्ये, जो फरक दिसतो, त्यातला ७७ टक्के फरक आनुवंशिकतेशी जोडता येतो असं त्यात निघालं. हा आकडा ऐकून एका बाबांनी मला माझ्याच ओपीडीत हिशेब मांडून दाखवला होता : म्हणजे ह्याच्या पन्नास किलोंपैकी साडेअडतीस किलो आमचे आणि उरलेले त्याचे! तसं नसतं ते. एकाच काळात, साधारण एकसारख्या परिस्थितीत वाढणाऱ्या मुलांपैकी एक जाड का आणि दुसरं बारीक का, एवढ्यापुरता तो आकडा आहे. सगळ्या मुलांची परिस्थितीच बदलली तर सगळ्यांची वजनं सरकतात, त्याबद्दल तो काही बोलत नाही.

आता ही जनुकं करतात काय? आपल्याला वाटतं, काहींचं शरीर चरबी साठवतं आणि काहींचं जाळून टाकतं. थोडंफार तसंही असेल, पण आतापर्यंत जे हाती लागलंय त्यातलं बरंचसं पोटाकडे नाही, मेंदूकडे बोट दाखवतं. भूक किती लागते, पोट भरल्याचं कधी कळतं, पुढ्यात काही दिसलं की मन किती ओढ घेतं, हे तिथे ठरतं.

ह्यातली एक गोष्ट मी पालकांना नेहमी सांगते. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रिडमन यांच्या चमूने लेप्टिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, शोधलं. हे चरबीतून निघतं आणि 'साठा पुरेसा आहे, आता पुरे' असा निरोप मेंदूला देतं. तीनच वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन चुलत-मावस नात्यातली मुलं सापडली, ज्यांच्या अंगात हे लेप्टिन जवळजवळ तयारच होत नव्हतं. उपचार सुरू झाले तेव्हा त्यातली मुलगी तुमच्या लेकीच्याच वयाची होती, नऊ वर्षांची. वजन ९४ किलो. तिला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली आणि वर्षभरात सोळा किलोंहून जास्त वजन उतरलं. तिला कुणी रागावलं नव्हतं, निर्धार शिकवला नव्हता, ताटातून काही काढून घेतलं नव्हतं. फक्त तिची भूक इतर मुलांसारखी झाली.

तुमच्या लेकीला हा आजार नाही. तो जगात अगदी मोजक्या कुटुंबांत सापडतो. पण तुमच्या मिस्टरांनी ही गोष्ट वाचावी असं मला वाटतं. एकादशीच्या दिवशी दुपारी चार वाजता शेजारून फोडणीचा वास आला की त्यांना कसं होतं ते त्यांनी आठवावं. काही मुलांना जेवून उठल्यावर तासाभरात तसं होतं. भावाला होत नाही, म्हणून तो अर्धी पोळी टाकून खेळायला पळू शकतो. तो काही मोठा संयमी नाही.

साध्या, रोजच्या लठ्ठपणात एक जनुक बिघडलेलं नसतं. शेकडो जागी बारीक बारीक फरक असतात. २०१८ पर्यंतच अशा नऊशेहून जास्त जागा सापडल्या होत्या. त्यातली सगळ्यांत गाजलेली जागा एफटीओ जनुकातली, २००७ मध्ये सापडलेली. तिचा वजन वाढवणारा नमुना आईबाप दोघांकडूनही आला, तर मोठेपणी सरासरी वजन किती जास्त भरतं? तीन किलो. गाजलेल्या जनुकाची ताकद एवढीच. स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांत हाच नमुना तपासला, तेव्हा ही मुलं ऊर्जा कमी खर्च करतात असं आढळलं नाही. समोर जेवण ठेवलं तर त्यातलं तळलेलं-गोड असं, थोड्यात जास्त कॅलरी देणारं ती जास्त उचलतात, असं दिसलं.

'जन्मली तेव्हा अडीच किलोची होती' हे तुम्ही अशा सुरात लिहिलंय की मग वारसा कसला! ब्रिस्टल परिसरातल्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा झाला आहे. त्यांच्यात लठ्ठपणाची जनुकीय ओढ सगळ्यांत जास्त असलेला दहावा हिस्सा आणि सगळ्यांत कमी असलेला दहावा हिस्सा यांच्या जन्माच्या वजनात फरक होता साधारण ६० ग्रॅमचा, म्हणजे एका लिंबाचा. अठराव्या वर्षी तोच फरक बारा किलोंवर गेला. ओढ जन्मतःच असते, पण ती दिसायला लागते मूल स्वतःच्या हाताने खायला लागल्यावर, साधारण तीन-चार वर्षांपासून. बाळसं ओसरून मूल पाच-सहा वर्षांचं होईतो बारीक होत जातं, मग पुन्हा भरतं. तुमची लेक चौथ्यातच भरायला लागली. ही घड्याळाची घाई पुढच्या वजनाची खूण असते आणि बालवाडीच्या वयात ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. उलट कौतुक होतं : काय गोंडस दिसते, दृष्ट काढा!

आणि अडीच किलो म्हणजे बारीक, असं आपल्याकडे धरून चालता येत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची आणि इंग्लंडमधली साडेतीन किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू, पोटातले अवयव लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. वजनाला कमी आणि तरीही चरबीला जास्त. याज्ञिकांनी पुढे स्वतःचंच उदाहरण छापलं. ते आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२. दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो आहे, त्यात काही म्हणता काही ओळखू येत नाही.

त्यामुळे वजनकाट्यापेक्षा सुतळी बरी. एक सुतळी घ्या, उंचीएवढी कापा, दुमडून निम्मी करा. ती निम्मी सुतळी बेंबीच्या पातळीवर पोटाभोवती पुरली पाहिजे. तुमच्या लेकीची निम्मी सुतळी ७१ सेंटिमीटरची होईल. पण तिची एकटीची मोजू नका. रविवारी सकाळी पाचही जणांच्या सुतळ्या कापा, सासूबाईंचीसुद्धा. मिस्टरांची पुरते का ते मला कळवा. मला आपली शंका आहे.

सासूबाईंचं 'वळण' मी खोडून काढत नाही, ते निम्मं खरंच आहे. पण त्यांच्या लहानपणीही घराण्यात हीच जनुकं होती, दोन पिढ्यांत ती बदलत नाहीत. तेव्हा भूक जास्त असलेल्या मुलीला दुपारी चारला काय मिळायचं? शेंगदाणे, गुळाचा खडा, शिळी भाकरी आणि वर 'आता रात्री'. आज तिला डब्यात बिस्किटं मिळतात, फ्रीजमध्ये सरबताची बाटली, कोपऱ्यावर वडापाव आणि हातात मोबाइल. भूक तीच, चाळवणारं सतरा ठिकाणी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची जादा वजनाची मुलं २०१५-१६ ला २.१ टक्के होती, २०१९-२१ ला ३.४ टक्के झाली. चार-पाच वर्षांत कुणाचं माहेर बदललं नाही. उलट बाजूनेही पुरावा आहे. दोन लाखांहून जास्त प्रौढांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा नियमित हालचाल करणाऱ्यांत एफटीओचा परिणाम जवळपास २७ टक्क्यांनी बोथट झालेला दिसला.

लाळेची चाचणी करू नका. ती सांगेल की मुलीला वजन वाढण्याचा धोका सरासरीहून जास्त आहे, जे तुम्हाला घरातला अल्बम उघडूनही कळतं. त्यावरून औषध ठरत नाही, आहार ठरत नाही. जनुकीय तपासणी खरोखर लागते ती वेगळ्या मुलांना : पाच वर्षांच्या आतच वजन प्रचंड वाढलेलं, भूक अशी की कुलूप लावलेलं कपाट फोडतील, उंची खुंटलेली, बोलणं-चालणं उशिरा, हातापायाला सहावं बोट, रात्री दिसत नाही, किंवा तान्हेपणी अंग एकदम लुळं होतं आणि नंतर अन्नाचा ध्यास लागला. अशी मुलं असतात, आणि त्यांना बालसंप्रेरकतज्ज्ञाकडेच न्यावं लागतं. तुमची लेक वयाच्या मानाने उंच आहे. ही चांगली खूण आहे. संप्रेरकांच्या बिघाडाने वजन वाढलं तर उंची मागे पडते. नुसत्या जादा खाण्याने वाढलं तर मूल त्या वयात चार बोटं उंचच दिसतं. थायरॉइडही नॉर्मल आलंय. तो प्रश्न मिटला, दरवर्षी करत बसू नका.

चाचणीचे वाचलेले पैसे आता मी खर्च करायला लावणार आहे, पण तिच्यावर नाही.

तुमच्या घरात दोन वारसे आहेत आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचा एकच गुंता केला आहे. वजनाचा वारसा तुमच्याकडून दिसतो. हृदयाचा दिसतो तो सासरकडून, आणि त्याचं जाडेपणाशी देणंघेणं असेलच असं नाही. सासरे ४६व्या वर्षी गेले आणि सडपातळ होते, हे वाचूनच मी थबकले. पुरुषाला ५५च्या आत किंवा बाईला ६५च्या आत हृदयविकार झाला, की आम्ही तो 'लवकर' धरतो आणि पुढची पिढी तपासायला घेतो. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटकाच मुळात लवकर येतो. बावन्न देशांतल्या एका मोठ्या अभ्यासात आपलं सरासरी वय ५३ निघालं, बाकीच्यांचं जवळपास ५९. पण ४६ हे आपल्यातही लवकरच.

त्यात मुलाचं, म्हणजे तुमच्या मिस्टरांचं, चाळिशीत कोलेस्टेरॉल जास्त. मला त्यातला एलडीएलचा, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या 'वाईट' कोलेस्टेरॉलचा आकडा हवाय. कपाटातून तो रिपोर्ट काढा. १९०च्या वर असेल तर घराण्यात चालत आलेला कोलेस्टेरॉलचा दोष असण्याची शंका घ्यायलाच हवी. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत ओढून घेणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात, मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना त्यांच्यावरच्या कामासाठी १९८५ चं नोबेल मिळालं. हे ग्राहक जन्मतः कमी असतील तर कोलेस्टेरॉल रक्तातच फिरत राहतं, पहिल्या दिवसापासून. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो आणि बहुतेकांना आयुष्यभर पत्ता नसतो, कारण दुखत काहीच नाही. 'पण त्रास काही नाही' हे तुमचं वाक्य म्हणूनच मला फसवं वाटतं. एक करा. मिस्टर उभे असताना मागून टाचेच्या वरची जाड नस, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारा दोर, चिमटीत धरून पाहा. दोन्ही पायांना ती जाडजूड, गाठाळ लागते का? आणि डोळ्याच्या काळ्या बुबुळाच्या कडेला पांढुरकं कडं दिसतं का? दिसलं तर डॉक्टरांना सांगा. नाही दिसलं तरी रक्त तपासाच, ह्या खुणा बऱ्याच जणांत नसतात.

हा दोष बापात असेल तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जाड मुलीत निम्मी आणि काडी मुलातही निम्मीच. तो काहीही खातो आणि अंगाला लागत नाही, हे खरं. अंगाला लागत नाही म्हणजे रक्तवाहिनीला लागत नाही, असं मात्र नाही. म्हणून तिघांची, बाप, मुलगा, मुलगी, उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी, करून घ्या. मुलांत एलडीएल १६०च्या पुढे आणि घराण्यात असा इतिहास असेल तर बालहृदयरोगतज्ज्ञाला दाखवायचं. गरज पडली तर साधारण आठ-दहा वर्षांच्या पुढे मुलांनाही कोलेस्टेरॉलची गोळी देतात, आणि ती अनेक वर्षं वापरून पाहिलेली आहे. निव्वळ पथ्याने हा दोष जात नाही. मिस्टरांच्या तपासणीत लायपोप्रोटीन-ए (रक्तात कोलेस्टेरॉल वाहून नेणारा आणखी एक कण) हेही एकदा करून घ्या. ते जवळजवळ पूर्णपणे जन्मतःच ठरलेलं असतं, आयुष्यात एकदा तपासलं की पुरे.

एवढ्या लहान वयात हृदयाचं काय काढलंय, असं सासूबाई म्हणतील. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या बोगालुसा गावात १९७० च्या दशकापासून शाळकरी मुलांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल मोजत आले आहेत. त्यातली काही मुलं आणि तरुण पुढे अपघातांत वा अशाच कारणांनी गेले. २ ते ३९ वयाच्या २०४ जणांची शवविच्छेदनं पाहिली, तेव्हा लहान वयातही महारोहिणीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत, चरबीचे पट्टे सापडले, आणि ज्याचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जास्त त्याच्या रक्तवाहिन्यांत ते जास्त पसरलेले. घाबरवायला सांगत नाही. ह्याची दुसरी बाजूही आहे, ती शेवटाकडे सांगते.

लेकीच्या तपासणीत लिपिडबरोबर उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि यकृतासाठी एसजीपीटी करा. रक्तदाब मोजताना दंडाला बांधायचा पट्टा तिच्या दंडाच्या मापाचा आहे ना ते पाहा. भरलेल्या दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच वर जातो, आणि मग नाहक घबराट. रात्री ती घोरते का, मधेच श्वास अडकतो का, हेही डॉक्टरांना सांगा. आणि तिची मान बघा. मागच्या बाजूला, घड्यांत, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर त्वचा आहे का? परवा एक आई मुलीला घेऊन आली. मानेवर लाल ओरखडे. तीन महिने डाळीचं पीठ, लिंबू आणि शेवटी भांड्याची घासणी. 'किती लोळतेस मातीत,' म्हणून रोज बोलणी. तो मळ नसतोच. शरीरात इन्सुलिनचा जोर वाढलाय, पण त्याचं काम नीट होत नाहीये, याची ती खूण असते. वजन आटोक्यात आलं की ती हळूहळू फिकी होते. घासून उपयोग नाही.

आता ताटातली पोळी. मिस्टरांना सांगा, वाढलेलं काढून घ्यायचं नाही, आजपासून. भूक मोठी असलेल्या मुलाच्या पुढ्यातून अन्न उचललं की त्याचं लक्ष अन्नावरून उडत नाही, उलट तिथेच खिळतं. मग दुपारी कुणी नसताना डबे उघडले जातात, आणि रिकामं पाकीट गादीखाली सापडतं. भांडायचं असेल तर ते दुकानात, पिशवी भरताना. एकदा घरात आलं की ते खाल्लं जाणार, आणि तुम्ही सांगलीत राहता म्हणजे भडंगाचा डबा दिवाणखान्यातच असणार! तो महिन्यातून एकदा आणा, सगळ्यांनी मिळून संपवा आणि डबा घासून वर ठेवा. 'हे दादासाठी, तू खायचं नाहीस' असं वेगळं काही घरात राहता कामा नये. दादाच्या रक्तवाहिन्यांनाही त्याची गरज नाहीये.

बाकी फार मोठी उलथापालथ नको. दुधात घालायची ती चॉकलेटी पावडर बंद करा, तिच्यात निम्म्याच्या आसपास साखर असू शकते, पाकिटामागे बघा. बाटलीतली सरबतं, पाकिटातले रस बंद. जेवायला बसताना आधी काकडी-टोमॅटो, उसळ, मग पोळी. दुसरी पोळी मागितली तर द्या, पण ती तव्यावरून उतरेपर्यंतची पाच-सात मिनिटं मध्ये जाऊ द्या, पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. चार वाजताची भूक खरी असते, तिला फुटाणे, उकडलेलं अंडं, पेरू, मोडाची मिसळ फरसाणाशिवाय, असं काहीतरी ठरलेलं ठेवा. 'ताटात टाकू नये' हा संस्कार चांगला आहे, पण मग वाढायचं तिने स्वतः. आणि जेवताना मोबाइल कुणाच्याच हातात नको, मिस्टरांच्याही.

रोज तासभर घाम येईल असं खेळणं लागतं. 'जा, पळून ये' म्हटलं तर जाड मूल जात नाही, मैदानावर त्याला हसतात. पोहणं, सायकल, नाच, ह्यांत वजन आड येत नाही. संध्याकाळी तुम्हीच तिला घेऊन आमराईत चाला, तुमच्याही सुतळीला मदत होईल. झोप नऊ तास तरी. साडेअकराला झोपून सहाला उठणारी मुलं दिवसभर भुकेलेलीच असतात.

वजन किती उतरवायचं? बहुधा काहीच नाही. आज तिचा बीएमआय २३च्या थोडा वर आहे, ह्या वयाला तो जास्त आहे. पण ती वाढती आहे. वजन समजा ४७वरच राहिलं आणि उंची १५४ झाली, तर बीएमआय २०च्या आत येतो, काहीही न उतरवता. अगदी ४७वर ती दोन-तीन वर्षं थांबेल असं नाही, पाळी यायचं वयही जवळ येतंय आणि भरलेल्या मुलींना ती जरा लवकरच येते. पण दिशा कळावी म्हणून हा हिशेब. रोज काट्यावर उभं करू नका, तीन महिन्यांतून एकदा डॉक्टरांकडे उंची-वजन पुरे. आणि ती दुसरी बाजू : फिनलंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतले असे चार दीर्घ अभ्यास एकत्र करून २०११ साली ६,३२८ जणांचा हिशेब मांडला गेला, सरासरी २३ वर्षांचा. लहानपणी जाड होते पण मोठेपणी लठ्ठ राहिले नाहीत, अशांचा मधुमेह, रक्तदाब, बिघडलेलं कोलेस्टेरॉल आणि मानेतल्या रक्तवाहिन्या जाड होण्याचा धोका, कधीच जाड नसलेल्यांच्या जवळपास बरोबरीचा निघाला. तुमच्या हातात निदान आठ-दहा वर्षं आहेत. घाई कशाला?

शाळेत चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकेला भेटा, मुलीला बरोबर न नेता. आणि घरातली टोपणनावं आधी बंद करा. पत्रात तुम्ही तसं लिहिलं नाहीत, पण मला माहीत आहे की एखादं असणार.

केक आणा. अर्ध्या किलोचा, तिच्या आवडीचा. सगळ्यांना एकेक तुकडा, तिलाही इतरांएवढाच, आणि उरलेला त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांकडे. केक कापताना कॅलरीचा विषय काढणाऱ्याला बाहेर गॅलरीत उभं करा.

तो फ्रॉक मात्र बिल शोधून दुकानात परत करा. तिला सोबत न्या, आणि आज तिच्या अंगाला बसतो त्या मापाचा तिला निवडू द्या.